हवाई कसरतींसाठी गच्चीवरची खुर्ची : अडीच हजार रुपयांत काय मिळाले

विलेपार्ल्यात राहणाऱ्या माणसाला विमानाचे अप्रूप नसावे, असे इतरांना वाटते. दर काही मिनिटांनी एखादे विमान इमारतींवरून खाली उतरत असते आणि तेवढ्यापुरते बोलणे थांबवून पुढे चालू ठेवण्याची सवय आमच्याकडे लहान मुलांनाही असते. तरीही १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत भारतीय वायुदलाने महाराष्ट्र शासनाच्या सहकार्याने मरीन ड्राइव्हच्या समुद्रावर दुपारी बारा ते एक या वेळेत हवाई कसरती ठेवल्या, तेव्हा आम्ही एकदा नव्हे तर दोनदा गेलो. शनिवारी सासऱ्यांना घेऊन एका हॉटेलच्या गच्चीवर पैसे भरून बसलो आणि रविवारी मुलाला घेऊन समोरच्या कट्ट्यावर फुकट बसलो. असा कार्यक्रम पुन्हा झाल्यास गच्चीवरची जागा घ्यावी का, असे ओळखीच्या दोघातिघांनी अलीकडे विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. हॉटेलचे नाव देत नाही, कारण त्या रस्त्यावरच्या कोणत्याही गच्चीला लागू पडेल अशीच माझी बहुतेक तक्रार आहे.

गच्ची निवडण्यामागे कारण होते. माझे सासरे, म्हणजे बाबा, तेव्हा पंचाहत्तरीचे होते आणि त्यांचे गुडघे तीन तास बिनपाठीच्या कट्ट्यावर बसू देणारे नव्हते. त्यांची सगळी नोकरी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात गेली. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या जुळणीपासून त्यांनी सुरुवात केली आणि निवृत्त होण्याआधी त्याच कारखान्यातून सुखोई-३० एमकेआय बाहेर पडताना पाहिले. कार्यक्रमात सुखोई आहे हे वर्तमानपत्रात वाचल्यावर त्यांनी स्वतःहून काही मागितले नाही, परंतु ते पान घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवले, आणि त्यावरून आम्हाला काय ते समजले.

हॉटेलने माणशी अडीच हजार रुपये घेतले. त्यात राखीव खुर्ची, स्वागताचे पेय, दुपारचे बुफे जेवण आणि जाहिरातीच्या शब्दांत सांगायचे तर ‘समुद्राचे अखंड दर्शन’ एवढ्या गोष्टी होत्या. पैसे आगाऊ भरायचे होते आणि ते परत मिळणार नव्हते. यातले एकेक कलम तपासून पाहू.

खुर्ची उत्तम होती. तिला हात होते, पाठ होती, मागायच्या आधीच उशीही मिळाली. लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जात होती आणि स्वच्छतागृह वीस पावलांवर होते. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे त्यांना या शेवटच्या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको. कट्ट्यावर बसलेल्या माणसाने एकदा जागा सोडली की परत येईपर्यंत ती राहत नाही, आणि अशा गर्दीतून वाट काढत जाऊन येणे बाबांना झेपले नसते. गच्चीवर पोहोचल्यापासून निघेपर्यंत त्यांना कोणताही शारीरिक त्रास झाला नाही, याचे श्रेय त्या हॉटेलला दिलेच पाहिजे.

समुद्राचे दर्शनही मिळाले, आणि ते जाहिरातीप्रमाणे अखंडही होते. दोनच दिवसांपूर्वी मार्गशीर्षातली अमावास्या होऊन गेल्यामुळे दुपारी भरतीचे पाणी चांगले वर चढलेले होते आणि कट्ट्याखालचे काँक्रीटचे त्रिकोणी दगड बरेचसे बुडालेले दिसत होते. मलबार हिलपासून नरिमन पॉइंटपर्यंतचे सगळे वळण नजरेत मावत होते. अडचण एवढीच होती, की आम्ही समुद्र पाहायला गेलो नव्हतो.

गच्चीवर कापडी छत होते. उन्हाचा विचार करता ते असणे योग्यच होते, परंतु त्याची पुढची कड समुद्राच्या बाजूला इतकी खाली बांधलेली होती, की खुर्चीत बसल्यावर क्षितिज आणि त्यावरची जेमतेम एक पट्टी दिसत असे. हवाई कसरतींतली विमाने क्षितिजावर राहत नाहीत. ती समोरून येतात, नाक वर करून चढतात, माथ्यावर उलटी होतात आणि दुसऱ्या बाजूने खाली येतात. आम्हाला त्यांचे येणे दिसत असे आणि खाली उतरणे दिसत असे. मधला भाग, ज्याला सगळे जण ‘आहा’ म्हणत होते, तो छताच्या कापडामागे घडत असे. खालच्या रस्त्यावरून लाटेसारखा ओरडा वर येई आणि गच्चीवरची माणसे खुर्च्यांतून उठून कठड्याकडे धावत. पहिल्या रांगेतली माणसे उठली की मागच्या रांगेला तेवढेही दिसेना. दहा मिनिटांत सगळी राखीव व्यवस्था मोडली आणि ज्यांचे गुडघे धड होते ते सगळे कठड्याला टेकून उभे राहिले. खुर्चीत बसून राहिले ते बाबा आणि तान्ह्या मुलाला घेऊन आलेली एक बाई.

वायुदलाच्या सूर्यकिरण या विमान-कसरत पथकाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण छतामुळे सर्वांत जास्त नुकसान त्यांच्याच कसरतींचे झाले. हे पथक १९९६मध्ये बिदरला किरण विमाने घेऊन सुरू झाले. उदगीरकडच्या माणसाला बिदर म्हणजे शेजारचेच गाव, त्यामुळे आमच्या लातूरच्या नातेवाइकांना या पथकाचा उगाचच थोडा घरगुती अभिमान आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी किरण विमाने कमी पडू लागल्याने २०११मध्ये पथकाचे काम थांबले, आणि काही वर्षांनी हॉक विमानांवर ते पुन्हा उभे राहिले. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ हॉक विमाने एकमेकांपासून काही मीटर अंतर राखून एकाच वेळी वळतात, तेव्हा पाहणाऱ्याला नऊ विमाने न दिसता एकच मोठी आकृती कलताना दिसते. ही आकृती पूर्ण दिसली तरच तिला अर्थ असतो. निम्मे विमानवृंद कापडाच्या कडेने कापलेले पाहणे म्हणजे रांगोळीचा अर्धा भाग पायपुसण्याखाली गेलेला पाहण्यासारखे होते.

मात्र माझी मुख्य तक्रार छताची नाही, आवाजाची आहे. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत ध्वनिक्षेपक होते आणि त्यांवर हॉटेलने नेहमीचे ढणढणते संगीत लावून ठेवले होते. विमानांच्या कसरती या निम्म्याहून अधिक ऐकण्याच्या असतात, हे ज्याने त्या कधी लक्ष देऊन ऐकल्या नाहीत त्याला पटणार नाही. हॉकला एकच इंजिन असते आणि त्याचा आवाज शिट्टीकडे झुकणारा, नेटका असतो. सुखोईला दोन इंजिने असतात, आणि झोतात जादा इंधन जाळणारी ज्वलनोत्तर यंत्रणा (आफ्टरबर्नर) सुरू होऊन मागे नारिंगी ज्वाळा दिसू लागल्या की तो आवाज कानापेक्षा बरगड्यांना अधिक कळतो. सारंग पथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरांचा आवाज तर तालासारखा ऐकण्याजोगा. सारंग म्हणजे मोर, आणि या हेलिकॉप्टरांवर मोरच रंगवलेला आहे. ती एकमेकांसमोरून येऊन अगदी जवळून निसटतात तेव्हा दोन्हींच्या पात्यांचे ठोके क्षणभर एकमेकांत मिसळून पुन्हा वेगळे होतात. शनिवारी हे मला कळले नाही. मला फक्त ढोलकीचा ठेका ऐकू येत होता, आणि तो हेलिकॉप्टरचा नव्हता.

बाबांनी वाढप्याला जवळ बोलावून अतिशय सौम्य आवाजात म्हटले, “बाळ, ते गाणे थोडे बंद करता येईल का? विमानाचा आवाज ऐकायचा आहे.” तो मुलगा गोंधळला, कारण आवाज कमी करा असे सांगणारे ग्राहक त्याला नेहमी भेटत असतील, पण आवाज ऐकायचा आहे म्हणून सांगणारा बहुधा पहिलाच असावा. त्याने व्यवस्थापकांना विचारले. व्यवस्थापक येऊन म्हणाले, की इतर पाहुण्यांना वातावरण हवे असते. मग बाबांनी ओझरचे नाव काढले. ते एरवी कधी काढत नाहीत. व्यवस्थापकांनी सुखोई येईल तेवढ्यापुरते संगीत बंद करण्याचे कबूल केले आणि दिलेला शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

त्या काही मिनिटांसाठी पैसे वसूल झाले असे बाबांचे मत आहे आणि त्यांच्या मताला मी आव्हान देणार नाही. सुखोई आले तेव्हा ते खुर्चीतच होते. समोर दिसत होते तेवढे त्यांनी पाहिले आणि विमान छतामागे गेल्यावर डोळे मिटून घेतले. “आता वर चढतंय,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “आता सोडलं बघ त्याने.” कठड्याला टेकून उभी राहून मी वर पाहत होते, तेव्हा त्यांनी सांगितलेले बरोबर तसेच घडत होते, फक्त किंचित आधी. या विमानाच्या इंजिनांची मागची तोंडे हलवता येतात, त्यामुळे पंखांना पुरेशी हवा मिळत नसतानाही वैमानिक नाक हव्या त्या दिशेला वळवू शकतो, असे त्यांनी नंतर मला समजावले. एवढे अवजड यंत्र ज्या संथपणे नाक वर धरून पुढे सरकत होते, ते पाहून वेग हाच विमानाचा पराक्रम असतो हा माझा समज गेला. टेबलावरचे काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. गच्चीवर त्या वेळी कोणी बोलत नव्हते.

त्यानंतर संगीत पुन्हा सुरू झाले.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. पनीर, पुलाव, नूडल्स, गुलाबजाम असे सर्वत्र मिळते ते होते आणि ते बरे होते. वेळ मात्र अनाकलनीय होती. आकाशगंगा पथकाचे हवाई छत्रीने उडी घेणारे जवान हवेत असतानाच जेवण तयार असल्याची घोषणा झाली आणि निम्मी गच्ची ताटे घेऊन रांगेत उभी राहिली. बारा ते एक एवढाच कार्यक्रम असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. जेवण सव्वाला वाढले असते तर कोणाचेही काही बिघडले नसते. वाढणारी मुले मात्र हातातले डाव तसेच धरून वर पाहत होती, आणि त्यांच्याकडे पाहून पुलाव मागण्याचे मला धाडस झाले नाही.

रविवारी मुलाला घेऊन मी साडेनऊला चर्चगेटला उतरले. मरीन लाइन्सला उतरूनही समुद्र जवळ आहे, परंतु मला मुद्दाम नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या नाट्यगृहांच्या संकुलाच्या बाजूला जायचे होते. याचे कारण शनिवारी गच्चीवरून लक्षात आले होते. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य पावणेएकच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो आणि तेव्हा तो क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. गिरगाव चौपाटीच्या वाळूत बसलेल्यांना समुद्र दक्षिणेकडे असल्यामुळे ऊन थेट डोळ्यांत येते आणि विमाने नुसत्या काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. नरिमन पॉइंटच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड करून बसले की सूर्य डाव्या खांद्याच्या थोडा मागे राहतो आणि विमानाचा रंग, पंखांवरच्या खुणा, धुराच्या रेषा स्वच्छ दिसतात. जागा निवडताना गर्दी किती आहे हे सगळे पाहतात. सूर्य कुठे असणार हे फार थोडे पाहतात.

कट्ट्यावर बसण्याचे हाल कमी नव्हते. दगड तापलेला होता, टोपी घालूनही मानेची कातडी भाजली, आणि दहानंतर शेजारच्यांशी गुडघ्याला गुडघा लावूनच बसावे लागले. पाणी मी माणशी दोन बाटल्या नेले होते आणि त्या दोन्ही संपल्या. पुढे ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुदलाच्या कसरती पाहायला लाखो लोक उन्हात जमले आणि त्या दिवशी पाच माणसे मृत्युमुखी पडली, ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा आठवले, ज्यांच्याजवळ पाण्याची बाटली नव्हती आणि ज्यांना आमच्यापैकी तिघांनी आळीपाळीने पाणी दिले. मुंबईचा जानेवारी चेन्नईच्या ऑक्टोबरइतका कठोर नसतो, पण दुपारचे बारा हे दुपारचे बाराच असतात. मोफत जागेत पाणी, टोपी आणि काहीतरी खारट खाणे ही तीन तिकिटे स्वतःच काढून न्यावीत.

आणखी एक गोष्ट. हिवाळ्यात मरीन ड्राइव्हला कुरव पक्षी येतात आणि लोक हौसेने त्यांना शेव-गाठी टाकतात. एरवी मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. ज्या हवेतून अर्ध्या तासाने विमाने जाणार आहेत त्याच हवेत खाऊ उधळून पक्ष्यांचे थवे बोलावणे मात्र निव्वळ अविचार आहे, आणि हे आमच्या रांगेतल्या एका गृहस्थांना मी सांगितले तेव्हा त्यांनी पुडी खिशात ठेवली, परंतु माझ्याशी बोलणे सोडले.

कट्ट्यावरून जे दिसले त्याची गच्चीशी तुलनाच होत नाही. डोक्यावर काहीच नव्हते. हॉक विमानांची आकृती समोरून येऊन माथ्यावरून पूर्ण उलटली, तेव्हा आम्ही सगळे एका तालात मान मागे टाकत गेलो आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या मांडीवर माझ्या मुलाचे डोके टेकले. दोन विमानांनी धुराने बदामाचा आकार काढला. हा धूर म्हणजे इंजिनाच्या तप्त झोतात सोडलेले डिझेल असते, ते वाफ होऊन थंड हवेत पांढरे दिसते, हे बाबांनी आदल्या दिवशी सांगितलेले ज्ञान मुलाने शेजाऱ्यांना स्वतःचे म्हणून वाटले. बदाम वाऱ्याने एका बाजूला कलला, मग वांग्यासारखा झाला, मग विरला.

आवाजाचा हिशेबही इथेच लागला. विमान दिसावे म्हणून आवाज येतो तिकडे पाहायचे नसते, हे मी शनिवारी शिकले होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दीड किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत यायला चार सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि ताशी ६०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्या अवधीत जवळजवळ पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असते. त्यात मरीन ड्राइव्हची स्वतःची एक गंमत आहे. कट्ट्यामागे गोलाकार सज्जांच्या आर्ट डेको इमारतींची ती रांग उभी आहे, जिचा २०१८मध्ये जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला, आणि समुद्रावरून आलेला आवाज तिच्यावर आपटून परत येतो. त्यामुळे सुखोई समुद्रावर असताना शेकडो माणसे वळून इमारतींकडे पाहत होती. आवाजाच्या पुढे, विमान जाईल त्या दिशेला नजर ठेवा, असे मी मुलाला सांगितले आणि त्यानंतर त्याचे एकही विमान चुकले नाही. निवेदन मात्र वाऱ्यामुळे आणि गर्दीमुळे आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी येत होते, म्हणून कसरतींची नावे आधी वाचून जाणे बरे.

परतीची वाट हे कट्ट्याचे सर्वांत मोठे उणे. एक वाजता सगळा रस्ता एकाच वेळी चर्चगेटकडे वळतो. आम्ही तासभर जागेवरच बसून राहिलो, उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि मग निघालो. शनिवारी गच्चीवर याउलट कोणालाच घाई नव्हती. आइसक्रीम संपेपर्यंत रस्ता मोकळा झाला होता आणि बाबांना टॅक्सीही दारात मिळाली.

तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना माझे उत्तर असे, की चालता-बसता येणाऱ्या माणसाने अडीच हजार रुपये मुळीच देऊ नयेत. वयस्कर किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर द्यावेत, पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत : छत असेल का आणि त्याची पुढची कड कुठे येते, कार्यक्रम सुरू असताना संगीत बंद राहील का, आणि जेवण किती वाजता लागेल. हॉटेलने सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिप्रायाचा तक्ता पाठवला होता. त्यात जेवण, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि सजावट यांना पाचपैकी तारे द्यायचे होते. बाबांनी वागणुकीला पाच दिले, जेवणाला तीन, सजावटीचा रकाना कोरा ठेवला आणि खाली ‘छत काढावे’ एवढेच लिहिले. उत्तरादाखल पुढच्या जेवणावर दहा टक्के सवलतीचे कूपन आले, जे आम्ही वापरले नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ विमानांना वायुदलाने निरोप दिला. तो सोहळा बाबांनी दूरचित्रवाणीवर शेवटपर्यंत पाहिला आणि त्याच आठवड्यात मला घडीचा, पाठ असलेला, हलका स्टूल शोधायला सांगितले. पुढच्या वेळी त्यांना कट्ट्यावर यायचे आहे. आणलेला स्टूल त्यांनी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, उतरणाऱ्या विमानांखाली बसून तपासला. पाऊण तास ठीक आहे, म्हणाले, पण पाठ चार बोटे उंच हवी. मी तो परत करून दुसरा मागवला आहे.